इस्माईलभाईंचा बर्फाविना वर्ग

विद्यार्थ्याला स्कीइंग जमलं की इस्माईलभाईंचा चेहरा उतरतो. तो पडला की खुलतो. "व्वा! हा पडायचा नवा प्रकार हाय," म्हणत ते खिशातली वही काढतात आणि टिपून घेतात.

रत्नागिरीकडचे इस्माईलभाई इथे आखातात आठवडाभर शुवैखच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडतात आणि शुक्रवारी फहाहीलला आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये स्कीइंग शिकवतात. बर्फ नाही. उलटा अंथरलेला गालिचा आणि जुन्या बाजारातून आणलेली स्कीची एक जोडी. हिवाळ्यात जॉर्जियाच्या सहलीला निघालेली आम्ही मराठी मंडळी त्यांच्याच हाताखालून जातो.

थांबायचं कसं? "घडीच्या पोळीचा त्रिकोण करा. टोकं जवळ, टाचा लांब. चुलीला फुंकायला वाकता ना, तसं वाका." इंग्रजी व्हिडिओ बघून रडकुंडीला आलेल्या माझ्या बायकोला हे दोन मिनिटांत जमलं. इस्माईलभाई हिरमुसले. माझ्यावर मात्र त्यांचा भारी जीव, कारण मी उभ्या उभ्याही पडायचो.

चौथ्या शुक्रवारी मलाही जमलं. बाकी सगळे आधीच शिकले होते. "झालं! आता तिला काय विचारू?" ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा उलगडा झाला. व्हिडिओ कॉलवर कॅनडातली नऊ वर्षांची नात, झोया. ती शाळेत स्कीइंग शिकते. तिला मराठी येत नाही, यांना इंग्रजी जेमतेम. दर शनिवारी हे आमच्या चुका अभिनय करून दाखवायचे, ती उपाय सांगायची. आमचा गुरू नऊ वर्षांचा होता! आणि आमच्या चुकांवर या माणसाचं आजोबापण चाललं होतं. आणि शेवटचा पडणारा मीही कालच शिकून बसलो होतो; मला फार वाईट वाटलं.

"टुडे नो क्वेश्चन, बेटा," इस्माईलभाई म्हणाले.  पलीकडे झोयाची नजर इकडेतिकडे जायला लागली.

मी मध्येच डोकं घातलं आणि इंग्रजीत विचारलं, "झोया, तुझ्या नानांना स्की घालून चढ चढता येतो का गं?"

"नाना, शो मी!"

खाटेखालून स्की निघाल्या. लुंगी सावरत, आडवं पाऊल टाकत इस्माईलभाई निघाले.

"नो, नाना! स्मॉल स्टेप्स!" झोया खिदळत ओरडली.

खोली जेमतेम दहा फुटांची. इस्माईलभाई अर्धा तास चढत होते.