चार नंबरच्या क्रेनचं सेटिंग

टँकच्या गेममध्ये एकूण सत्तेचाळीस सेटिंगं होती. उद्धवरावांनी ती तीनदा मोजली, दोनदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा पुसून. चालवण्याची एकोणीस, नेम धरण्याची चौदा, आवाजाची आठ आणि इतर सहा. कंपनीने निरोपाच्या दिवशी दिलेल्या डायरीत त्यांनी ती ओळीने उतरवली, प्रत्येकापुढे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने आखले आणि खाली रेघ मारली.

"झाली का खानेसुमारी?" कुसुमताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नुसती मोजली. अजून हात कुठं लावलाय?"

"मेथी आणि लिंबं सांगितली होती. दोनच जिनसा. त्यातली लिंबं विसरलात. आणि इथं सत्तेचाळीस!"

"लिंबाला सेटिंग नसतं," उद्धवराव म्हणाले आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

हा गेम त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांच्या मुलीने, निशिगंधाने, टाकून दिला होता. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला ट्रेनी इंजिनिअर होती आणि दोन मैत्रिणींबरोबर निघोज्यात खोली घेऊन राहायची. रविवारी तेवढी चिखलीला घरी यायची. रिटायर झाल्यापासून उद्धवराव तिला दिवसातून सहा फोन करत. जेवलीस का, बस मिळाली का, तुमच्याकडे क्रेन किती टनाची आहे. शेवटी तिनेच वैतागून, ती स्वतः संध्याकाळी लॅपटॉपवर खेळायची तो टँकचा गेम त्यांना उघडून दिला. "माझ्याच नावाने चालू केलाय, पप्पा. मॅच खेळू नका, नुसतं सरावाच्या मैदानात फिरवा."

पहिल्या दिवशी तासाभरात टँक एकवीस भिंतींना धडकला. डाव्या अंगठ्याने तो पळायचा, उजव्याने तोफ फिरायची, आणि बोट नुसतं टेकलं तरी बैलपोळ्याला सुटलेल्या खोंडासारखा उधळायचा. उद्धवरावांच्या मनाला हे लागलं. बत्तीस वर्षं त्यांनी प्रेस शॉपमध्ये चार नंबरची क्रेन चालवली होती. जमिनीपासून नऊ मीटरवर काचेची केबिन, खाली हूकला अठरा टनांची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, आणि ती शॉपच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन प्रेसवर अशी टेकवायची, की दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर जागा उरावी. बत्तीस वर्षांत धक्का एकदाच लागला होता, आणि तेव्हाही वीज गेली होती.

दुपारी तीनला नेहमीप्रमाणे जयसिंग आले. जयसिंग मूळ मोशीचे, इंद्रायणीकाठचे. कंपनीत ते खाली उभे राहून डायला साखळ्या बांधायचे आणि वर केबिनमधल्या उद्धवरावांना हाताने खुणा करायचे. प्रेसच्या धडधडाटात बोलणं ऐकू येत नसे. मूठ उघडली की खाली, बोट गोल फिरवलं की वर, पंजा आडवा धरला की थांब. बत्तीस वर्षं दोघांची सगळी बोलाचाली अशी हातांवर झालेली. दोघं एकाच महिन्यात रिटायर झाले. नंतर कंपनी तिथून हलली आणि आता त्या जागेवर बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहत होते. तरीही जयसिंग तीनच्या ठोक्याला यायचे, कारण तीनला शिफ्ट सुटायची.

"हे काय खेळणं घेतलंया?" जयसिंगांनी वाकून पाहिलं.

"टँक आहे. पण ब्रेक ढिला आहे याचा."

"ब्रेक न्हाई, हात उलटा हाय. तू उजव्या हातानं चालवायचास. ह्यो डाव्यानं पळतुया."

उद्धवरावांनी मान वर केली. मग डायरी ओढून त्यांनी सेटिंग क्रमांक एक, 'चालवण्याचा हात', यापुढच्या 'नंतर'च्या रकान्यात लिहिलं: उजवा.

त्यानंतर अकरा दिवस, रोज तीन ते पाच, ते सेटिंग चाललं. लिव्हर आपल्याकडे ओढली की हूक वर जायचा, म्हणून बोट खाली ओढल्यावर तोफ वर जायला हवी. वेग बासष्टवर होता, तो नऊवर आणला, कारण भार झुलता कामा नये. आपोआप नेम धरण्याची सोय बंद केली. "नेम आपोआप धरला तर आपण काय करायचं? चहा प्यायचा?" आवाजाच्या यादीत, सगळ्यांत शेवटी, त्यांना हॉर्न सापडला. तो शून्यावर होता. उद्धवरावांना धक्काच बसला.

"बघ जयसिंग. हॉर्न बंद ठेवून फिरतात ही पोरं."

"आन खाली मानूस आसला मंग?"

हॉर्न शंभरावर गेला. क्रेन हलवण्याआधी हॉर्न, हा नियम होता, आणि टँक क्रेनहून हलका नव्हता.

एकच अडचण होती. आज घातलेलं सेटिंग उद्या दुपारी जागेवर नसायचं. हात पुन्हा डावा, वेग पुन्हा बासष्ट, हॉर्न शून्य. रोज. उद्धवरावांना हे दुखणं ओळखीचं वाटलं. चार नंबरच्या क्रेनवर सेकंड शिफ्टला धम्मरत्न असायचे. ते रोज ब्रेक आपल्या हाताप्रमाणे कसायचे आणि उद्धवराव रोज सकाळी तो ढिला करायचे. अठरा वर्षं हा कारभार चालला होता. न राहवून त्यांनी फोन लावला.

"धम्मरत्न, खरं सांग. टँक चालवतोस का?"

"राव, मी नातीला शाळेतून आणायला चाललोय. स्कूटर चालवतोय."

"सेटिंगला हात तू लावत नाहीस ना?"

"अजून ब्रेकवरच अडकलाय होय तुम्ही?" धम्मरत्न हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिकडे निघोज्यात निशिगंधाही हैराण झाली होती. रात्रीच्या जेवणाआधीच्या फोनवर ती म्हणाली, "पप्पा, माझा टँक येडा झालाय. रोज उलटा चालतो. रोज सगळं नीट लावून ठेवते, दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि फॅमिली डेची फायनल आहे रविवारी!"

"दुसऱ्याच्या सेटिंगला हात लावणारी माणसं असतातच," उद्धवराव कळवळून म्हणाले. "माझंही तेच चाललंय."

"तुमचं काय?"

"काही नाही. तू जेवलीस का?"

फायनल म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कंपनीच्या फॅमिली डेला कॅरम आणि क्रिकेटच्या जोडीला यंदा टँकच्या गेमची, ज्याने त्याने घरून खेळायची, तिघा-तिघांची स्पर्धा ठेवली होती, आणि क्वालिटी विभाग पहिल्यांदाच प्रॉडक्शनविरुद्ध फायनलला गेला होता. सहा महिने निशिगंधाला सगळे 'ती नवी ट्रेनी' म्हणत. सेमी फायनलनंतर कँटीनमध्ये लोक तिला नावाने हाक मारू लागले होते.

शनिवारी उद्धवरावांना सेटिंग क्रमांक सत्तेचाळीस समजलं. 'सेटिंग लॉक'. चार आकडी नंबर टाका, बहात्तर तास कोणालाही, तुम्हालासुद्धा, बदल करता येणार नाही. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला. मशीन एकदा सेट झालं की नटावर रंगाची रेघ मारायची आणि पॅनेलला कुलूप घालायचं, हे ज्याला कळतं असा एक तरी माणूस हा गेम बनवणाऱ्यांत होता. त्यांनी आपला कंपनीतला टोकन नंबर टाकला. दुपारचे साडेतीन वाजले होते.

"आता लाव म्हणावं हात," ते म्हणाले. जयसिंगांनी आडवा पंजा दाखवला. काम पूर्ण.

रविवारी दुपारी दोनला निशिगंधा घरी आली, शनिवारी ओव्हरटाइममुळे बंदच राहिलेला लॅपटॉप उघडला आणि सव्वादोनला तिची किंकाळी ऐकून कुसुमताई हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"पप्पा! हे लॉक कोणी केलं? तुम्ही मोबाइलवर काय बदललंत?"

"मी? माझ्या मोबाइलमधलं बदललं. तुझ्या लॅपटॉपला मी शिवलोसुद्धा नाही."

"नाव एकच आहे ना, पप्पा! तिथं बदललं की इथं बदलतं! स्पर्धेतही हेच नाव नोंदवलंय!"

उद्धवरावांना आता अकरा दिवसांचा सगळा हिशोब लागला. सेकंड शिफ्टचा माणूस त्यांच्या समोर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नंबर सांगा."

"आत्ता नंबराचा उपयोग नाही," ते हळूच म्हणाले. "बहात्तर तास आहेत. मंगळवारी साडेतीननंतर नंबर टाकला की उघडेल."

"अहो, कुलूप घालायची ही काय सवय तुमची?" कुसुमताई कडाडल्या. "मागं गहू ठेवला त्या पिंपालाही घातलं होतं. किल्लीसकट!"

निशिगंधाने प्रयत्न केला. उलट्या हाताने, उलट्या तोफेने, नऊच्या वेगाने तिने सराव केला. वीस मिनिटांत टँक अठरा भिंतींना धडकला. तिने डोकं टेबलावर टेकवलं. मग पुन्हा उचललं.

"पप्पा, तुम्ही किती भिंतींना धडकता?"

"मी?" उद्धवरावांना प्रश्नच कळला नाही. "मी कशाला धडकेन?"

फॅमिली डे असल्यामुळे प्रत्येक संघाला घरचं एक माणूस खेळवायची मुभा होती. आजवर कोणी ती वापरली नव्हती. निशिगंधाने आपल्या संघाच्या कॅप्टनला, प्रितमला, फोन केला.

"वडील?" प्रितम म्हणाला. "भावा, फायनल आहे! खेळलेत का कधी?"

"मॅच नाही. पण हेवी मशीन चालवलंय."

चारला पाच कमी असताना मोबाइल टीव्हीला जोडला गेला. उद्धवराव खुर्चीत ताठ बसले. नेहमीसारखे तीनला आलेले जयसिंग टीव्हीच्या उजव्या अंगाला, सगळं मैदान दिसेल असे उभे राहिले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. निशिगंधाने हेडफोन लावला, प्रितमचं बोलणं पप्पांपर्यंत पोचवण्यासाठी. त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण उद्धवरावांनी काम करताना आजवर फक्त एकाच माणसाचं ऐकलं होतं, आणि तो माणूस बोलत नसे.

मॅच सुरू झाली. जयसिंगांनी बोट पुढे केलं. उद्धवरावांनी हॉर्न दिला.

"हॉर्न कोण वाजवतंय?" हेडफोनमधून प्रितम ओरडला. "सगळ्यांना कळतंय आपण कुठं आहोत!"

"पप्पा, हॉर्न नको!"

"हलायच्या आधी हॉर्न," उद्धवराव म्हणाले आणि टँक पाण्यावर सोडलेल्या होडीसारखा, एकही झोल न खाता, पुढे सरकला.

प्रॉडक्शनचे तिघे हॉर्नच्या दिशेने भरधाव आले. मधल्या गल्लीत त्यांची आणि प्रितमची गाठ पडली. चार मिनिटांत क्वालिटीचे दोन टँक गेले, प्रॉडक्शनचा एक गेला. आता एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला उद्धवराव. प्रितमचा जळका टँक गल्लीच्या तोंडाशी पडला होता.

पहिला शत्रू गोदामाआडून निघाला. जयसिंगांचं बोट डावीकडे, थोडं वर, आणखी एक इंच, आडवा पंजा. पंजा खाली आला तसं उद्धवरावांनी बोट सोडलं. गोळा बरोबर जागेवर जाऊन बसला. एकच पुरला.

निशिगंधाने हेडफोन कानांवरून खाली सरकवला. तिने पप्पांना कंपनीत काम करताना कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या डब्याला ग्रीसचा वास यायचा, तेवढीच तिला त्या कामाची ओळख. टीव्हीशेजारी जयसिंगकाकांचे हात हवेत फिरत होते, त्यांच्याकडे न बघता बघणारे पप्पा खुर्चीत बसले होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर ती कधी न पाहिलेली एक तरतरी होती.

दुसरा शत्रू गल्लीच्या पलीकडे थांबला. नेम लागला होता. जयसिंगांनी आडवा पंजा धरला आणि तो खाली घेतलाच नाही.

"मारा ना काका!" प्रितमचा आवाज हेडफोनमधून खोलीभर आला. "समोर आहे! मारा!"

"पप्पा, मारा!"

"खाली मानूस हाय," जयसिंग म्हणाले. मध्ये प्रितमचा टँक होता.

"अहो काका, मी मेलोय! कधीच मेलोय!"

"मेला आसला तरी मानूसच हाय. भार त्याच्यावरनं न्यायचा न्हाई."

उद्धवराव थांबले. पंचेचाळीस सेकंद. निशिगंधाने डोळे मिटून घेतले. पलीकडच्या गड्याला वाटलं, समोरचा खेळाडू मोबाइल ठेवून चहाला गेला असावा. तो सावकाश गल्लीच्या बाहेर, मोकळ्यावर आला. जयसिंगांनी एक बोट नखाएवढं उजवीकडे हलवलं. मग पंजा खाली घेतला.

टीव्हीवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. हेडफोनमध्ये प्रितम काय ओरडत होता ते कळत नव्हतं. कुसुमताईंनी लाटणं खाली ठेवलं आणि दाराशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "रोज तीनपर्यंत हेच करत होता होय तुम्ही कंपनीत?"

"हे नाही," उद्धवराव म्हणाले. "ते जड होतं."

जयसिंग हात खाली सोडायला विसरले होते.

संध्याकाळी निघताना निशिगंधाने दोघांना नमस्कार केला. मग बॅग खांद्याला अडकवत बजावलं, "पण मंगळवारी मुदत संपली की मी सगळं पहिल्यासारखं करणार. मला खेळता आलं पाहिजे. टोकन नंबर द्या."

"दे बाबा," जयसिंग म्हणाले. "सेकंड शिफ्टचाबी हक्क आसतो."

उद्धवरावांनी नंबर दिला.

मंगळवारी साडेतीनला कुलपाची मुदत संपली. त्या दिवशी उद्धवराव आणि जयसिंग, दोघांनीही मोबाइलला हात लावला नाही; पाळी निशिगंधाची होती. बुधवारी तीनला जयसिंग आले, उद्धवरावांनी चष्मा पुसला, डायरी उघडली आणि पहिल्या ओळीपासून एकेक सेटिंग वाचायला सुरुवात केली. जयसिंग प्रत्येकावर बोट ठेवत गेले. त्याला चाळीस मिनिटं लागली.

सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस सेटिंगं जागेवर होती. एक बदललं होतं. हॉर्नचा आवाज, आधी शंभर, नंतर ऐंशी.