उरले तीनशे चाळीस

काचवाल्यांच्या ट्रकची वॉरंटी चार वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची होती. यातलं जे आधी भरेल ते. चार वर्षं भरायला अजून सात महिने होते. किलोमीटर मात्र तीनशे चाळीसच उरले होते, आणि ही गोष्ट सोमवारी सकाळी, ट्रकच्या आतली धूळ पुसता पुसता, वहिनींच्या लक्षात आली.

वहिनी म्हणजे काचवाल्यांची बायको. काचवाले एका काचेच्या दुकानाचा माल गिऱ्हाइकांकडे पोचवत, म्हणून सगळे त्यांना काचवाले म्हणत आणि त्या ओघाने यांना वहिनी. वहिनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर भिंगाखाली पेशी मोजायच्या आणि आकडा कागदावर लिहायचा, हे त्यांचं काम. मोजलेली गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जमत नसे.

"अहो, तीनशे चाळीस उरले," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. पण काचवाल्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. अठरा वर्षं काचा वाहिलेला माणूस. त्याला खड्डा दुरून दिसतो आणि निर्णय त्याहून दुरून. दोन्हींच्या आधी तो गाडी हळू करतो. ट्रक विकायचा की ठेवायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे यापूर्वी कधी आलाच नव्हता. आता बायकोने आकडा सांगितला, म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणार, असं त्यांनी धरलं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दादांना फोन केला.

दादा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ. घरात आलेली कुठलीही वस्तू वॉरंटी संपायच्या आत घराबाहेर काढायची, हा त्यांचा नियम. मिक्सर, फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं तारीख उलटायच्या आठवडाभर आधी बदललं जाई. "आमच्याकडे वॉरंटीबाहेरची मी एकटीच उरलेय," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि दादा ते हसण्यावारी नेत. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, गाडी घेऊन या, इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय मी मत देत नाही, असं त्यांनी सांगितलं.

दादांचं घर एकोणीस किलोमीटरवर. जाऊन येऊन अडतीस.

त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला. शोरूममध्ये जुना ट्रक देऊन नवा घ्यायची योजना चालू आहे. पण चांगली किंमत वॉरंटीतल्या गाडीलाच. लाखाच्या वर एक किलोमीटर गेला की तीच गाडी निम्म्या भावाची. "आत्ता सोन्याच्या मोलाची आहे, मेहुणे. उद्या भंगार. नीट विचार करा, पण लवकर करा."

नीट आणि लवकर या दोन गोष्टी काचवाल्यांना एकत्र कधीच जमल्या नव्हत्या. नवा ट्रक म्हणजे पाच वर्षांचे हप्ते. हप्ते म्हणजे विटा, वाळू, सिमेंट, कोणी म्हणेल ते वाहायचं. आज ते फक्त काचा वाहत आणि बाकीच्यांना हात जोडत. हा त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक थाट होता. शिवाय या ट्रकचा क्लच त्यांच्या पायाला ओळखत होता. पण हे काही बोलून दाखवायचं कारण नाही, असं त्यांना वाटलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, की ठरेपर्यंत ट्रक जपून वापरायचा.

पहिल्या दोन दिवसांत काचा पोचवण्यात एकशे वीस किलोमीटर गेले होतेच. पुढचे ट्रकच्या भवितव्यावर विचार करण्यात जाऊ लागले. मिस्त्रीला दाखवायला गेले, चोवीस. मिस्त्री म्हणाला, इंजिन गरम असताना कळत नाही, उद्या थंड आणा. थंड इंजिन बारा किलोमीटर चालवून थंडच कसं पोचेल, हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चोवीस. "हा ट्रक विकणारा वेडा," असं तो म्हणाला. ते दादांना कळवायला गेले, अडतीस. दादा म्हणाले, मिस्त्री तसंच म्हणणार, त्याला पुढची दहा वर्षं गिऱ्हाईक पाहिजे. यावर घरी येऊन विचार केला आणि दादांचं तिसऱ्यांदा ऐकायला गेले, अडतीस. मग शोरूमला गेले. तिथे जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा माणूस रजेवर होता. एकतीस.

वहिनी रोज रात्रीच्या जेवणानंतर आकडा सांगत. त्यांच्या दृष्टीने ती निव्वळ नोंद होती. ट्रक त्यांच्या नवऱ्याचा, निर्णय त्याचा. आपण फक्त अचूक असावं. काचवाल्यांना मात्र प्रत्येक आकडा टोचणीसारखा वाटे. "सत्तावीस," असं ज्या दिवशी त्या म्हणाल्या, त्या दिवशी ते उठले आणि त्यांनी ट्रकवर ताडपत्री घातली.

आता काचा पोचवायच्या कशा? त्यांनी टेम्पो भाड्याने घेतला. टेम्पोवाल्याला सगळे तुफान म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. स्वतःचा धडधाकट ट्रक दारात झाकून ठेवून काचवाले तुफानच्या टेम्पोच्या मागच्या बाजूला, काचांना मिठी मारून बसू लागले. दुकानाच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ट्रक आजारी आहे का तुमचा?"

"नाही, वाचवतोय."

"कोणापासून?"

"चालवण्यापासून."

मालकीणबाईंनी यावर काचांच्या यादीवर 'सांभाळून' असा शेरा मारला. चौथ्या दिवशी तुफानने गतिरोधकाला गतिरोधक मानलं नाही आणि खिडकीच्या दोन काचा फुटल्या. काचवाल्यांच्या अठरा वर्षांत फुटलेल्या या पहिल्या काचा. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. वहिनींनी आकडा सांगितला नाही. तो बदललाच नव्हता.

मग तो आरसा आला. एका केशकर्तनालयाचा, भिंतभर. तुफानच्या टेम्पोत तो मावत नव्हता आणि मावला असता तरी काचवाल्यांनी दिला नसता. ताडपत्री निघाली. आरसा सुखरूप पोचला. परतताना गल्लीच्या तोंडाशी काचवाल्यांनी ट्रक थांबवला, वळवला आणि शेवटचा जवळजवळ एक किलोमीटर मागे मागे चालवत घरी आणला.

एवढ्या मोठ्या गल्लीत हे लपणार कसं? पहिल्यांदा इस्त्रीवाला दुकानाबाहेर आला. मग गच्चीवरच्या बायका कपडे वाळत घालायच्या थांबल्या. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला ट्रक जातोय की येतोय हेच कळेना. तो आधी डावीकडे झाला, मग उजवीकडे, आणि शेवटी स्कूटर बंद करून उतरून उभा राहिला. काचवाले मान मागे टाकून, घामाघूम होऊन, पण समाधानाने येत होते. दारात उतरले आणि त्यांनी हळू आवाजात वहिनींना गुपित सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या ट्रकचा मीटर मागे चालवलं की मागे फिरत असे.

वहिनी आत चढल्या, आकडा पाहिला आणि उतरल्या.

"वाढलाय. नऊशे मीटरनी."

"मागे जाऊनसुद्धा?"

"तुम्ही मागे जाताय हे त्याला कुठे कळतं? चाक फिरलं एवढंच कळतं त्याला."

काचवाले बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. आता सतरा उरले होते.

सतरा हा आकडा ऐकून दादा स्वतः बसने आले. शोरूम साडेपंधरा किलोमीटरवर आहे, म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही, असं त्यांनी जाहीर केलं. काचवाल्यांनी हो म्हटलं. त्यांच्या हो म्हणण्याला नाही म्हणण्याइतकाच वेळ लागला होता. वहिनींनी रजा टाकली आणि शोरूमला फोन करून विचारून घेतलं, की किंमत ठरवायला गाडी किती चालवता. मागच्या रस्त्याने एक चक्कर, एक पूर्णांक दोन दशांश किलोमीटर, असं उत्तर आलं. म्हणजे सगळं मिळून सोळा पूर्णांक सात. तीनशे मीटर शिल्लक. दादांनी बहिणीच्या पाठीवर थाप मारली.

सकाळी तिघं केबिनमध्ये बसले. मधे दादा, नजर मीटरवर. काचवाले नेहमीसारखे हळू चालवत होते. शोरूमच्या अलीकडच्या चौकात सरळ जायचं होतं. काचवाले डावीकडे वळले.

"अहो, कुठे चाललात? सरळ, सरळ," दादा ओरडले. "थांबवा आधी. इथेच वळवा."

"चुकलो," काचवाले म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. या चौकातून तो अठरा वर्षं जात होता. डोळे बांधून सोडलं असतं तरी सरळ गेला असता. त्याचे कान लाल झाले होते. लग्न ठरवायला आला होता तेव्हाही असेच लाल झाले होते आणि तेव्हाही तो काही बोलला नव्हता. वहिनींनी मग मीटरकडे पाहिलं. दादांनी लगेच वळवायला लावल्यामुळे दोनशेच मीटर खर्ची पडले होते. म्हणजे किंमत ठरवून गाडी परत येईल तेव्हा आकडा असेल नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.

एवढं धाडस केलं बिचाऱ्याने, आणि शंभर मीटरनी हुकलं.

शोरूममध्ये काचवाल्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढायला त्यांना जरा वेळ लागला. दादा नव्या ट्रकचे रंग बघायला गेले आणि काचवाल्यांना ओढत घेऊन गेले. किंमत ठरवणारा माणूस किल्ली घेऊन निघाला. वहिनी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. प्रयोगशाळेत कधी रक्त घ्यावं लागलं तर त्या ज्या आवाजात 'मूठ घट्ट धरा, दुखणार नाही' म्हणत, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "पुलाच्या चढावर नेऊन बघा ना. मागच्या रस्त्याला काय, कुठलीही गाडी बरी चालते. ही चढावर किती अलगद चढते, ते बघण्यासारखं आहे."

माणूस कामाला चोख होता. त्याला पटलं.

तो परतला तेव्हा खुशीत होता. ट्रक इतका निगुतीने ठेवलेला त्याने पाहिला नव्हता. मग त्याने संगणकात आकडा टाकला, एक लाख दोन पूर्णांक आठ, आणि त्याचा चेहरा पडला. वॉरंटी संपली होती. योजना लागू नव्हती.

काचवाले खुर्चीत एकदम सैल झाले. "नशीब," ते म्हणाले, आणि दादांनी पाहिल्यावर, "...खोटं."

पण दादा खोटं नशीब मानणारे नव्हते. गाडी आली तेव्हा वॉरंटीत होती, तुमच्या माणसाने ती बाहेर काढली, फोनवर एक चक्कर म्हणालात आणि पुलावर काय वारा खायला नेलीत, असं त्यांनी अर्धा तास वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. किंमत ठरवणारा माणूस खाली मान घालून उभा राहिला. शेवटी साहेब बाहेर आले. शांतपणे त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, की चूक आमच्या माणसाची आहे, तेव्हा गाडी वॉरंटीतलीच धरू. पूर्ण किंमत देऊ. त्याच्या पगाराचं काय ते मी बघतो.

दादांनी विजयी मुद्रेने पेन मेहुण्यांपुढे धरलं. काचवाल्यांनी ते घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं, जणू त्यालाही वॉरंटी असावी. त्यांनी वर बघितलं ते सरळ बायकोकडे. आणि तो किंमत ठरवणारा माणूस, बिचारा, खिशातला रुमाल काढून गळ्याचा घाम पुसत होता.

"त्यांचा पगार कापू नका," वहिनी म्हणाल्या. "पुलावर न्यायला मी सांगितलं."

दादांनी सावकाश मान वळवली. "तू? का?"

"यांना शंभर मीटर कमी पडत होते."

काचवाल्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ टेबलाखालीच राहिले. वर आले तेव्हा त्यांचे कान अगदी लालबुंद झाले होते. "मी मोठाच फेरा घेणार होतो," ते बायकोला म्हणाले. "दादांनी मधेच अडवलं."

"कळलं मला."

साहेबांनी हळूच किल्ली पुढे सरकवली.

घरी जाताना केबिनमध्ये दादा मधेच बसले होते, कारण दुसरी जागा नव्हती. दोन चौक गेले, पूल गेला. ट्रक चढावर खरंच अलगद चढला. काचवाले आज चक्क शीळ घालत होते. शेवटी दादांना राहवेना.

"म्हणजे दोघांनाही ठेवायचाच होता. मग दोन आठवडे माझं डोकं का खाल्लंत? एकमेकांना विचारायचं होतं."

काचवाल्यांनी शीळ थांबवून विचार केला. मग गाडी जरा हळू केली.

"ते राहूनच गेलं, दादा," ते म्हणाले. "आम्ही सारखे तुम्हालाच विचारत होतो ना."