पेजेत पडलेला प्रसाद

त्या रविवारी म्हातारीनं प्रसाद थुंकला आणि तो नेमका पेजेच्या वाटीत पडला.

फिदेन्सिओ बार्रियोस वाटीकडे बघतच राहिला. त्याच्या गळ्यातली पितळी डबी अजून उघडी होती. त्याची आई त्रान्सितोबाई अर्धांगवायूनं खाटेला खिळली होती. बोलणं गेलं होतं, डोळे मात्र शाबूत होते. दर रविवारी मिस्सेची उपासना संपली की फिदेन्सिओ चर्चमधून ख्रिस्तप्रसादाची पांढरी चकती डबीतून आणायचा, आईच्या जिभेवर ठेवायचा, डोळे मिटून प्रार्थना म्हणायचा आणि पुढच्या आजाऱ्याकडे निघून जायचा. सांता क्लारात हे काम मानाचं होतं. त्यातून फिदेन्सिओला तर ते फारच मानाचं वाटे, कारण एके काळी ह्याच गावानं त्याला गुत्त्याच्या पायरीवरून उचलून घरी आणून टाकलं होतं.

त्याची दारू सुटली त्याचं श्रेय घरात वाटून घेतलेलं होतं. तो म्हणायचा, माउली मारियेनं सोडवली. त्याची बायको एल्विया म्हणायची, पास्टर अब्दियासच्या उपास-प्रार्थनेनं सुटली. ती त्याच काळात कॅथलिक चर्च सोडून नाक्यावरच्या पत्र्याच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाऊ लागली होती. गाव त्या मंडळींना 'हालेलुयावाले' म्हणायचं आणि ती मंडळी गावाला 'मूर्तिपूजक' म्हणायची. फिदेन्सिओच्या घरात ही दोन्ही माणसं एकाच पलंगावर झोपत होती.

तर आता वाटीचं काय करायचं? नियम फिदेन्सिओला पाठ होता. आजाऱ्याच्या तोंडून प्रसाद बाहेर आला तर नेणाऱ्यानं तो भक्तिभावानं स्वतः खावा. फिदेन्सिओनं वाटी तोंडाजवळ नेली. मक्याच्या पिवळ्या पेजेवर आईची लाळ तरंगत होती. वाटी खाली आली. मनाचा हिय्या करून त्यानं ती पुन्हा नेली, ती पुन्हा खाली आली. चकतीतल्या ज्या ख्रिस्तशरीरासाठी आपण मान कापून देऊ असं तो चारचौघांत सांगायचा, त्याचा एक घोट त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी त्यानं वाटीवर बशी झाकली, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि दुसरा काही मार्ग निघतो का ते फादर आन्सेल्मोंना विचारायला तो निघाला.

घरातून निघताना "त्या वाटीला हात लावू नकोस" एवढं एल्वियाला सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सकाळपासून दोघांचं बोलणं बंद होतं.

भांडण झालं होतं कॅथलिक बायबलातल्या तोबितच्या पुस्तकावरून. फिदेन्सिओ आईला ती गोष्ट वाचून दाखवत होता. आंधळा म्हातारा बाप, परगावी गेलेला मुलगा, वाटेतला मासा आणि त्याच्या पित्तानं परत आलेली बापाची दृष्टी. आईला ती आवडायची. एल्विया त्याच वेळी आईची ओली चादर बदलत होती.

"गोष्टी कसल्या वाचता? शास्त्र वाचा की," ती म्हणाली.

"हे शास्त्रच आहे."

"आमच्या बायबलात नाही."

"तुमच्या लोकांनी सात पुस्तकं फाडून टाकली, त्याला मी काय करू?"

"फाडली नाहीत. तुम्ही घुसडलीत."

तिथून गाडी घसरली ती थेट वेदीपर्यंत गेली. प्रभूनं 'हे माझे शरीर आहे' म्हटलं ते खरोखरीचं, की 'माझ्या आठवणीसाठी हे करा' म्हटलं ते खरं, असं दोघंही ओल्या चादरीच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना ऐकवत होती. तुमचं प्रभुभोजन म्हणजे द्राक्षाचं सरबत आणि बिस्किटांचा चुरा, असं तो म्हणाला. तुमचा देव तरी काय, रात्री कपाटात कुलूपबंद ठेवावा लागतो, असं ती म्हणाली. मग तो आपलं टोक सोडून मिस्सेला निघून गेला. चादर तिनं एकटीनंच घातली.

फिदेन्सिओ फादरकडे पोचला तेव्हा फादर बाप्तिस्म्यात गुंतले होते, म्हणून तो बाहेर बाकावर थांबला. इकडे पास्टर अब्दियास आपली उपासना आटोपून आजाऱ्यांच्या भेटीला निघाला होता आणि नेमका त्यांच्याच घरी आला. एल्वियानं फळीवर झाकलेली भरली वाटी पाहिली. आज आईला भरवायचंही ह्यांना सुचलं नाही, असं मनाशी म्हणत तिनं ती पेज पातेल्यात परत ओतली, दालचिनी टाकून चांगली उकळली आणि पास्टरला पेला भरून दिला. पास्टरला पेज आवडली. त्यानं आणखी मागितली.

फिदेन्सिओ परत आला तो फादरचा निरोप घोकत आला. चकती पाण्यात पूर्ण विरघळू द्यावी आणि ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा मातीत ओतावं. घरात शिरला तर वाटी धुऊन पालथी घातलेली आणि पास्टर मिशा पुसतोय.

"फळीवरची वाटी कुठाय?" फिदेन्सिओनं विचारलं. सकाळपासून बायकोशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"पेज होती. पातेल्यात ओतली. का?"

फिदेन्सिओनं का ते सांगितलं. पास्टर अब्दियास आधी हसला. भाकर ती भाकर, पीठ ते पीठ, असं म्हणाला. मग तो शांतपणे उठून परसात गेला आणि घशात बोट घालून ओकू लागला. कुंपणापलीकडे शेजारीण रेमिहिया कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं विचारपूस केली. पास्टरनं उत्तर दिलं नाही, म्हणून तिनं ते बाकी सगळ्यांकडून मिळवलं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात बोभाटा झाला की हालेलुयावाल्यांच्या पास्टरनं कॅथलिक प्रसाद घेतला, आणि तोही दोनदा. चर्चच्या पायऱ्यांवर लोक हसून हसून डोळे पुसत होते. म्हाताऱ्या बायका तर पास्टर आता लवकरच स्वधर्मात परतणार म्हणून माळ जपायला बसल्या.

गंमत पुढे झाली. फादर आन्सेल्मोंना धास्ती पडली की हे बिशपांच्या कानावर गेलं तर पवित्र प्रसाद पातेल्यात उकळल्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. त्यांनी मिस्सेत जाहीर केलं की उकळत्या पेजेत चकती विरून गेली, भाकरीचं रूप गेलं की प्रभूचं सान्निध्यही जातं, तेव्हा पास्टरनं नुसती पेज प्यायली. लोकांचा हिरमोड झाला. पास्टरनं देव गिळला ही कल्पना त्यांना आवडली होती. तिकडे पत्र्याच्या चर्चचा कारभार पाहणारे वडीलजन पास्टरला सोडेनात. मूर्तीला वाहिलेलं अन्न पोटात गेलंय, शुद्धी हवी, असं त्यांनी धरलं. पास्टरला उपास करावा लागला, डोक्यावर हात ठेवून त्याच्यासाठी मोठमोठ्यानं प्रार्थना झाल्या. म्हणजे त्यात साक्षात देव आहे असं मानणारे सांगत होते की काही नव्हतं, आणि त्यात काही नाही असं मानणारे पास्टरचं पोट साफ करण्याच्या मागे लागले होते.

दोन्हीकडे एका बाबतीत मात्र फरक नव्हता. दोघांनाही एक गुन्हेगार हवा होता.

चर्चच्या समितीनं फिदेन्सिओला बोलावलं. समितीचे प्रमुख लेओपोल्दोशेठ कॉफीचे व्यापारी होते आणि कॉफीच्या पोत्यासारखंच माणसालाही टोचून बघायची त्यांना सवय होती. बायकोनं हे मुद्दाम केलं का, असं त्यांनी विचारलं. खरं उत्तर अगदी सोपं होतं: तिला माहीतच नव्हतं, कारण मी सांगितलं नाही, आणि वाटी फळीवर राहिली, कारण मला आईच्या लाळेची किळस आली. फिदेन्सिओनं खाली मान घातली आणि म्हणाला, "तिच्या मनातलं मी काय सांगू?"

हे वाक्य रेमिहियाच्या कुंपणापर्यंत येईस्तोवर 'हो, मुद्दाम केलं' असं झालं होतं. डबी तरीही काढून घेतली गेली, चौकशी पुरी होईतो.

एल्वियाच्या वाट्याला त्याचीच दुसरी बाजू आली. तिला प्रभुभोजनाला बसायची बंदी झाली. वडीलजनांनी तिला समजावलं की नवऱ्यानं पास्टरला फसवायला सापळा लावला असं तिनं सर्वांसमोर उभं राहून सांगावं, म्हणजे तिची जागा तिला परत मिळेल. तिनं नकार दिला. सापळा लावण्याइतकं डोकं आमच्या ह्यांना नाही, असं तिनं पास्टरच्या तोंडावर सांगितलं. त्याच दिवशी घरी येताना रेमिहियानं तिला समितीतलं वाक्य, मूळचं आणि वाढवलेलं दोन्ही, ऐकवलं. एल्विया घरात आली, सासूला पेज भरवली, तोंड पुसलं, कूस बदलून दिली आणि आपलं बायबल व दोन कपडे घेऊन नदीपलीकडे बहिणीकडे निघून गेली. फिदेन्सिओनं विचारलं, कुठं चाललीस. ती म्हणाली, "माझ्या मनातलं तुम्हाला काय सांगू?"

आता आई आणि तो. चादर बदलायला दोन माणसं लागतात, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं; एल्विया दुसरं माणूस मागतच नसे. भरवताना पेज निम्मी गळ्यावर सांडे. आई त्याच्याकडे बघे आणि मग दाराकडे बघे.

रविवारी त्याच्या जागी एर्सिलियाबाई डबी घेऊन आल्या. त्यांनी आईच्या जिभेवर प्रसाद ठेवला, डोळे मिटले, प्रार्थना म्हटली आणि निघून गेल्या. अगदी फिदेन्सिओसारखं. फिदेन्सिओ मात्र ह्या खेपेला खोलीत राहिला होता. थोड्या वेळानं आईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि तिचा गाल आतून हलू लागला. त्यानं बोट घालून पाहिलं. चकती डाव्या गालात, लुळ्या बाजूला, तशीच चिकटून होती. तिला ती गिळताच येत नव्हती.

मग इतके महिने काय होत होतं? परसात जाऊन त्यानं एल्वियाला फोन लावला.

"आईच्या गालात प्रसाद अडकलाय," तो म्हणाला.

"दर रविवारी अडकतो," ती म्हणाली. "बोटानं काढा. पिकलेलं केळं कोमट पाण्यात कुस्करा, त्यात मिसळा. उजवीकडून भरवा आणि गळ्यावरून हलका हात फिरवा. उतरतं."

"तू हे करायचीस? प्रसाद भरवायचीस?"

"हो. त्या वाटीच्या दिवशी तेवढी मी चादर धुवायला बसले होते. मी पोचायच्या आत थुंकला तिनं."

"पण तुझ्या मते ते नुसतं पीठ आहे."

"पीठच आहे. काढून टाकलं तर ती रडायची. मग काय करणार?"

फिदेन्सिओच्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली असेल तर केळ्यात प्रसाद कालवणं नियमात बसतं का ही. त्यानं ती विचारलीसुद्धा.

"पिठाची चौकशी झाली असेल तर ठेवते," एल्विया म्हणाली. "मी कशी आहे ते विचारायला फोन केला नव्हतात ना?"

फोन बंद झाला. फिदेन्सिओनं तिनं सांगितलं तसं केळं कुस्करलं. आईनं गिळलं, आणि पहिल्यांदाच दाराकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. तो स्टुलावर बसून रडला. आपण डोळे मिटून गावभर देव वाटत फिरत होतो आणि तो आईच्या पोटात जातो की नाही हे बघायचं काम, ज्या बाईचा त्यावर विश्वास नव्हता तिच्याकडे होतं.

आठवडाभर त्यानं मन घट्ट केलं. पुढच्या रविवारी मिस्सेच्या शेवटी फादरची परवानगी घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोचा काही दोष नाही. तिला मी सांगितलं नव्हतं. आईच्या तोंडचं मला खाववेना, म्हणून मी वाटी ठेवून पळालो." लेओपोल्दोशेठनी फादरकडे पाहिलं आणि फादरनी जमिनीकडे. डबी कायमची गेली हे तिथंच ठरलं.

नेमक्या त्याच वेळी नाक्यावरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये एल्विया उभी राहिली होती. नवऱ्यानं पास्टरसाठी मुद्दाम वाटी मांडून ठेवली, असं तिनं सर्वांसमोर सांगितलं. लोक हालेलुया म्हणाले आणि तिला प्रभुभोजनाला बसवलं.

दुपारी दोन्हीकडची माणसं बाजारात भेटली. सांता क्लारात देव भाकरीत आहे की आठवणीत, बायबलात पुस्तकं किती, ह्यावर कधी कुणाचं पटलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदाच सगळ्या गावाचं एका गोष्टीवर एकमत झालं: चूक फिदेन्सिओची.

सोमवारी एल्विया पिकअपमधून उतरली आणि घरी आली. वाटेत रेमिहियानं तिला मिस्सेतली सगळी हकीगत सांगितली होती. फिदेन्सिओ आईला पेज भरवत होता. त्यालाही दुसऱ्या चर्चमधली हकीगत कळली होती. एल्विया दारातच थांबली.

"आधी बोलला असतात तर मला खोटं बोलावं लागलं नसतं," ती म्हणाली.

"एक रविवार थांबली असतीस तर बोलावं लागलं नसतं."

"किती थांबायचं माणसानं?"

त्यानं वाटीत चमचा फिरवला आणि विचारलं, "मग? दिला का प्रभुभोजनाचा पेला त्यांनी?"

"दिला लगेच. फार गोड होता." तिनं पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि खाटेजवळ आली. "डावीकडून देऊ नका, सांगितलं होतं ना."

त्यानं चमचा उजवीकडे नेला. पेज हनुवटीवर ओघळली. एल्वियानं फडक्यानं ती पुसली आणि पुन्हा हात बाजूला घेतला. चमचा मात्र तिनं त्याच्या हातातून घेतला नाही.