सुंद्राकाकींची सवत

आमच्या शेजारचे सुभेदार आबा दर रविवारी सकाळी सात वाजता होडी धुतात. यात नवल ते काय, असं तुम्हाला वाटेल. तर आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात आहे. इथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेव्हाही आधी बराच वेळ नुसती हवाच येते. अशा गावात एक माणूस अंगणात होडी ठेवतो, तिला धुतो, पुसतो, मेण लावून चमकवतो आणि दीड वर्ष झालं तरी पाण्यात उतरवत नाही. शेजारी म्हणून मी हे सगळं सोसलेलं आहे.

होडी पिकअपमधून आली तेव्हा ताडपत्रीखाली काय आहे ते कुणालाच कळेना. म्हशींसाठी नव्या पद्धतीची गव्हाण आणली, असं अर्ध्या गावाचं मत पडलं. सरपंच तर गंभीरपणे विचारते झाले, किती लिटरची आहे?

"हिच्यात पाणी भरत न्हाईत," आबा म्हणाले. "हिला पाण्यात ठिवत्यात."

आबांची सगळी नोकरी फौजेच्या इंजिनिअर पलटणीत गेली. पूर्वेकडच्या मोठमोठ्या नद्यांवर त्यांनी सव्वीस वर्षं होड्या चालवल्या. निवृत्त होऊन गावी आले, चार-पाच वर्षं गप्प बसले, आणि मग ही आणली. पांढरी, फायबरची, चार माणसं बसतील एवढी, मागे छोटं इंजिन. मासे धरायला नाही की माणसं पैलतीरी न्यायला नाही, निव्वळ हौसेची. आणि आबांना अगदीच वेड्यात काढायला नको म्हणून सांगतो, हल्ली कालव्याचं पाणी येऊन गावाखालचा तलाव भरतो. होडी तरंगेल एवढं पाणी आमच्याकडेही आहे, फक्त आम्हाला त्याची सवय नाही.

होडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. आबांनी ते डिक्शनरी घेऊन वाचून काढलं आणि त्यावरून एक रजिस्टर तयार केलं. रोज फडकं मारायचं. आठवड्याला साबणाच्या पाण्यानं धुवायची. दोरखंड उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही. वर झाकण घालायचं, पण आत वारा खेळला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. हे सगळं ते माझ्या बायकोला इतक्या वेळा सांगून बसलेत की लोणच्याच्या बरणीचं बोलताहेत असं वाटावं.

रविवारचा कळस म्हणजे इंजिन. पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात ते इंजिन बुडवतात आणि दहा मिनिटं चालू ठेवतात. गावभर धडधड, आणि पिंपातलं पाणी भिंतीवरून थेट माझ्या चहात. मी एकदा चांगलाच तापलो. म्हटलं, आबा, हे इंजिन कोरडंच चालवा की.

"कोरडं चालीवलं की आतली रबरं जळत्यात, भाऊसाहेब." मी शाळेत क्लार्क आहे, म्हणून भाऊसाहेब. "आन् तुमी रविवारी कपावर बशी ठिवत जावा."

तेव्हापासून मी बशी ठेवतो. फौजी माणसाशी कोण वाद घालणार?

पण आबांचा खरा जीव अडकलाय तो बुचात. होडीच्या तळाशी मागे एक भोक असतं. होडी जमिनीवर असली की त्याचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात उतरवण्याआधी ते आठवणीने बसवायचं. फौजेत एकदा कुणीतरी ते बसवायला विसरलं आणि आबांच्या डोळ्यांदेखत होडी तळाला गेली. जीव वाचले सगळ्यांचे, पण तेव्हापासून आबा घराबाहेर पडणाऱ्या कुणालाही एकच प्रश्न विचारतात. "बूच?"

म्हणजे, काही विसरलं तर नाही ना? मी शाळेला निघालो, "बूच?" माझी मुलगी परीक्षेला निघाली, "बूच?" त्यांच्या पुतण्याचं वऱ्हाड निघालं तेव्हा तर हे जीपच्या आडवे उभे राहिले. सगळे वैतागले. मग पुतण्याच्या आईनं पिशवी चाचपली आणि उलट घराकडे पळाली. मंगळसूत्र घरीच राहिलं होतं. त्या दिवसापासून आबांना हसणाऱ्यांची संख्या जरा घटली.

होडीचं बूच मात्र घरात घड्याळाखालच्या खिळ्याला टांगलेलं असे. ते तिथून निघेना, कारण आबांच्या पत्नी सुंद्राकाकी हलेनात. आबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, होडीत पहिला पाय हिचा पडंल, मग माझा. आणि काकींनी त्याच दिवशी जाहीर केलं होतं, मी त्यात बसायची न्हाई. झालं. सरपंचांनी दोनदा विचारलं, मेव्हणे मिरजेहून फेरी मारायला म्हणून येऊन जेवून गेले, पण होडी जागची हलली नाही.

काकी होडीला सवत म्हणतात. मला आंघोळीला अर्धी बादली आन् तिला आख्खी, असा त्यांचा जाहीर आरोप. पण होडी पुसायला मऊ सुती कापड लागतं म्हटल्यावर आपलं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडं त्यांनीच फाडून दिलं. खंडेनवमीला आबांनी होडी पूजेला मांडली तर ह्या बाईंनी हळदीची पाच बोटं तिच्या पांढऱ्याशुभ्र नाकावर ओढली. तो डाग काही केल्या निघेना. बुटाच्या पॉलिशवरून जवानांना झापणारा हा माणूस त्यावर एक शब्द बोलला नाही. रजिस्टरात मात्र नोंद आहे, मी वाचली आहे: "नाकावर हळदीचा डाग. कारवाई नाही."

यंदा फेब्रुवारीत कळलं की कालव्याचं पाणी लवकर बंद होणार. तलाव रोज वीतभर मागे सरकू लागला. आबा संध्याकाळी काठावर जायचे, काठी रोवून पाणी मोजायचे, आणि घरी येऊन होडीला फडकं मारायचे. काकींना एका शब्दानं आग्रह केला नाही. मलाच राहवेना. एका दुपारी काकी आमच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा मी सरळ म्हणालो, काकी, एकदा बसा की त्या होडीत. त्या माणसाचा जीव तुटतोय.

काकींनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"लगीन झाल्यावर दहा वर्सं हे मला पत्रं लिवायचे. समदी पाण्याची. नजर पोचंल तिथवर पानी, सकाळचं आसं दिसतंय, पावसात तसं दिसतंय. मग एका साली हितं लय दुष्काळ. मी टँकरच्या रांगंत घागर धरून हुबी, आन् तिथंच पोस्टमननं पत्र दिलं. माझं डोस्कं फिरलं. मी उलट लिवलं, पाण्याचं लिवू नका, हितं प्यायला न्हाई."

"मग?"

"मग सोळा वर्सं पाण्याचं एक अक्षर लिवलं न्हाई त्या माणसानं. होड्या चालवायचा, आन् पत्रात काय? आज वरण खाल्लं. उद्या बी वरण." त्या हसल्या, आणि हसताना डोळे पुसले. "मीच गप बसीवलं त्याला. आता कुठल्या तोंडानं बसू त्या होडीत?"

मी म्हटलं, "त्याच तोंडानं बसा, काकी."

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, काकी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून अंगणात आल्या. नणंदेकडं निघाल्या असाव्यात, असं मला वाटलं. होडीपाशी थांबल्या आणि आबांना म्हणाल्या, "आवं, चला. बगू तरी काय ती होडी."

आबा पार गोंधळले. सव्वीस वर्षांत कुठल्या साहेबाने त्यांना असं गाठलं नसेल. रजिस्टर उघडायचं राहिलं, चष्मा माझ्या भिंतीवर राहिला. ट्रॅक्टरमागे होडीचा गाडा जोडून आम्ही आठ-दहा जण तलावावर गेलो. काकींनी नारंगी जाकीट लुगड्यावर चढवलं, होडीला नमस्कार केला आणि आत पाय ठेवला. मग आबा चढले. आम्ही ढकलली.

वीसेक हात आत गेल्यावर आबा इंजिन सुरू करायचं सोडून नुसते काकींकडे बघत बसले. तेवढ्यात मला दिसलं की होडीची मागची बाजू खाली चाललीय. आत पाणी घोट्याला लागलं होतं. काठावर सगळे गप्प, त्यामुळे आतलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"आवं," काकी म्हणाल्या, "बूच?"

आबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गावभर सगळ्यांना विचारत फिरणारा माणूस स्वतःच विसरला होता. काकींनी शांतपणे पदराची गाठ सोडली आणि बूच काढून त्यांच्या हातावर ठेवलं. आबांनी पाण्यात हात घालून ते भोकात दाबून बसवलं. मग दोघांनी मिळून पाणी उपसलं, ते मगाने आणि काकी पूजेसाठी आणलेल्या तांब्याने.

"खिळ्यावरनं कवा काढलंस?"

"नेसायच्या आधीच. मी आले म्हनल्यावर तुमाला काय सुचायचं न्हाई, ठावं हुतं."

आबांनी होडी काठाकडे वळवायला घेतली. ते फार शरमले होते. काकींनी त्यांचा हात धरला.

"माघारी न्हाई. फिरवा. आन् सांगा."

"काय सांगू?"

"जे लिवायचं ऱ्हायलं ते."

मग इंजिनाची धडधड सुरू झाली आणि आम्हाला काही ऐकू येईना. एवढंच दिसत होतं, की आबांचा एक हात सारखा हवेत हलतोय, लांब कुठेतरी दाखवतोय, आणि काकी मान वळवून तिकडे बघताहेत. तिकडे आमचा बोडका माळ सोडून काहीही नाही. तरी त्या बघत होत्या. पेट्रोल संपेपर्यंत ती दोघं फिरत राहिली आणि शेवटी वल्ही मारत काठाला आली.

रविवारी पुन्हा पिंपात इंजिन धडधडलं. मी कपावर बशी ठेवली. सोमवारी शाळेला निघालो तर आबा फाटकात उभे.

"बूच?"

डबा, किल्ल्या, पाकीट, सगळं आहे, असं मी सांगितलं. आणि खोडी काढायची म्हणून विचारलं, "आणि तुमचं, आबा?"

आबांनी मागे वळून घरात घड्याळाकडे पाहिलं. खिळा मोकळाच होता. ते काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"हाय माझ्याकडं," काकी म्हणाल्या.