प्यादेमात आणि नवा कोट

गुणवंतराव जंगल खात्यात हेडक्लार्क होते आणि बुद्धिबळात चांद्याचे पहिल्या नंबरचे खेळाडू. एवढ्या भांडवलावर माणसाला आणखी अक्कल लागते, असे त्यांना कधी वाटले नाही. नागपूरच्या सामन्याला चांद्यातून एकच जण जायचा होता. तो आपणच, हे धरून त्यांनी नवा कोट शिवायला टाकला होता. वाचनालयातल्या स्पर्धेचे नियमही त्यांनीच लिहिले. डाव बरोबरीत सुटला तर खालच्या नंबरचा पुढे जाईल, हे कलम त्यांचेच. गरिबाला थोडी आशा असू द्यावी, इतके त्यांचे मन मोठे होते.

शेवटचा डाव सोळाव्या नंबरच्या नूर मोहम्मदशी पडला. हा जटपुऱ्याचा दर्जी. कोट त्याच्याकडेच होता. दोघेतिघे तापाने पडले म्हणून हा इथवर पोचला, असे गुणवंतरावांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते. बसताक्षणीच त्यांनी विचारले, "नूरभाई, बटणं लावली काय?"

तासाभरात नूरजवळ राजा आणि एक घोडा उरला. वजिराने दोन खेळ्यांत मात होती. पण वजिराची मात कोणीही करतो. प्याद्याने मात केली तर हरणारा महिनाभर चौकात तोंड दाखवत नाही. गुणवंतरावांना ते तोंड लपलेलेच पाहायचे होते.

"दर्ज्याले प्यादेमातच देतो," ते जमलेल्यांना म्हणाले.

मग प्यादे एकेक घर सरकू लागले. आपला राजा त्यांनी कोपऱ्यात, स्वतःच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत निजवून ठेवला. नूरने मुकाट्याने घोडा उचलला आणि शह दिला. राजाला हलायला घर नव्हते. घोडा मारण्यावाचून इलाज नव्हता. गुणवंतरावांनी तो हसत हसत हत्तीने मारला.

"हाबी गेला. आता काय राह्यलं तुमच्यापाशी?"

"राजा," नूर म्हणाला. "एकलाच."

पंच बापूजी मास्तरांनी चष्मा पुसला. समोर एकटा राजा उरला की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरी, हे चांद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. त्यांनी नियमांचा कागद काढून ते कलम मोठ्याने वाचले. खाली गुणवंतरावांची वळणदार सही होती. हे कलम आपल्यासाठी नव्हते, असे गुणवंतराव म्हणाले. मास्तर म्हणाले, तसे लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूर कोट घेऊन दारात उभा राहिला.

"बटणं लावली, भाऊ. पण तुमाले आता नागपूरले जा लागत नाई. चार दिवस मीच घालून जाऊ काय? पोटात ढिला होते, तं टाके घालून घेतो. आल्यावर उसवून देतो."

आतून गुणवंतरावांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी उत्तर दिले.

"घेऊन जा भाऊ. इथी तं खुंटीलेच लटकन."