धुडकूनानांचा रुमाल

शिंदखेड्याच्या स्टँडवर एसटी नीट थांबायच्या आत खिडकीतून पहिला रुमाल पडतो तो आमच्या शेजारच्या धुडकूनानांचा. आणि मजा म्हणजे, नानांना कुठंच जायचं नसतं!

रोज सकाळी खिशात पाच-सहा रुमाल कोंबून येतात, जागा धरतात आणि गर्दीत हाळी देतात, "ओ अक्का, तुमनी जागा धरेल शे!" अक्का बिचारी दोंडाईच्याला निघालेली, गाडी धुळ्याची. तरी तिला हाताला धरून बसवणार. मी धुळ्याला नोकरीला, त्यामुळे माझी जागा ठरलेलीच. एकदा रजेच्या दिवशी नुसती भाजी घ्यायला आले होते, तर पिशवीसकट चढवलं मेल्या माणसानं! नरडाण्याला उतरून परत आले.

कुणी म्हणे, म्हातारा निवडणुकीला उभा राहणार. कुणी म्हणे, पुण्य साठवतोय. शेवटी मीच विचारलं, "नाना, कशाला हा उपद्व्याप?"

"पुन्य-बिन्य काही नही, ताई," म्हणाले आणि खालीच बसून सांगू लागले.

गेल्या वर्षी बायकोचं पोट दुखत होतं, म्हणून तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेत होते. रुमाल टाकून दोन जागा धरल्या. तेवढ्यात एक म्हातारी चढली. नाना बायकोला म्हणाले, "ऊठ वं, म्हातारीले बठू दे." गाडीभर वाहवा झाली. बायको धुळ्यापर्यंत पोट धरून उभी. चकार शब्द काढला नाही. दवाखान्यातून परत आलीच नाही.

"डॉक्टर म्हने, उभं राहीसन काही व्हयनं नही. पन मी बठेल व्हतू ना, ताई! आते कोनी उभं दिसनं का माले चैन पडत नही."

गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी नाना, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, स्वतः गाडीत बसले. खिडकीपाशी रुमाल, शेजारी आपण. तिकिटं दोन काढली. गाडी खच्चून भरली. एक पोटुशी पोर दांडीला धरून उभी राहिली आणि सगळ्यांचे डोळे त्या रुमालावर. मीही मनात म्हटलं, नाना, उचला आता.

नाना उठले. पोरीला आपल्या जागेवर बसवलं. मागच्या माणसाचा हात रुमालाकडे गेला, तसा नानांनी तो हात धरला.

"ती बठेल शे," म्हणाले. "आज तिले उठाडानं नही."

त्या माणसानं हात मागे घेतला. मला मात्र रडू आवरेना. नाना दांडी धरून उभेच राहिले. सोनगीरला धुराळा आत यायला लागला, तसे पोरीवरून वाकले आणि रुमालाजवळची काच हळूच लावून घेतली.