गरोदर नसलेल्या शेवंताचं पाडस

एका जंगलात कागदाच्या आधीच फॉर्मचा शोध लागला होता. हसू नका बाळांनो, अशी जंगलं असतात.

तिथे शेवंता नावाची भेकरी राहायची. तिला अधूनमधून आकडी यायची. वैद्यराज सायाळांची काळी मुळी खाल्ली की थांबायची. मुळी मोठी गुणी. पण पोटुशीने खाल्ली, तर पाडस अधू निपजायची भीती.

तशी दोन-तीन पाडसं निपजली, तेव्हा वाघमहाराजांनी हुकूम काढला. मादीला विचारल्याशिवाय काळी मुळी देऊ नये, आणि ‘मी गरोदर नाही’ या पानावर तिच्या पायाचा ठसा घ्यावा.

वैद्यराज शिस्तीचे. त्यांनी हुकूम पूर्ण वाचला आणि निम्मा पाळला. विचारायला वेळ लागतो, ठशाला लागत नाही. शिवाय बाईमाणसाला असलं काही विचारायची त्यांना भारी लाज. म्हणून त्यांनी दवाखान्याच्या दारातच चिखल कालवून ठेवला. येईल त्याने पाय बुडवायचा, पानावर उमटवायचा, मग आत. दाढदुखीचा रानडुक्करसुद्धा महिन्यातून चारदा लिहून द्यायचा की आपण गरोदर नाही.

एके दिवशी शेवंताला कळलं, आपल्याला दिवस गेलेत. ती हरखली आणि लगेच घाबरली. तडक दवाखान्यात गेली.

“वैद्यबुवा, मला जरा सांगायचं होतं...”

“दारात ठसा दिलात?”

“दिला, पण मला...”

“मग झालं तर! पुढचा कोण?”

पुढ्यात पुडी पडली. ती घेऊन शेवंता बाहेर आली आणि रडू लागली. खावी तर पाडसाची धास्ती, न खावी तर आकडीची.

झाडाखाली ठमाक्का वानरीण बसली होती. ती जंगलातली सुईण. तिच्याकडे ना पान, ना चिखल.

“काय गं पोरी, दिवस गेलेत का?”

“हो आक्का. ही पुडी फेकून देऊ?”

“मनाने औषध सोडू नकोस बाई. आकडीत दोघंही जाल. चल माझ्याबरोबर.”

ठमाक्का थेट दवाखान्याच्या दारात आडवी उभी राहिली.

“बुवा, ही पोटुशी आहे. दुसरं औषध बघा.”

वैद्यराजांनी पान नाचवलं. “इथे तर नाही म्हणते!”

“पानाला काय विचारता? ती समोर उभी आहे ना!”

मागे रांग खोळंबली, आरडाओरडा झाला. तेव्हा कुठे वैद्यराजांनी फळीवरून पांढरी मुळी काढली, बेताबेताने बदल करायला सांगितलं आणि दर आठवड्याला बोलावलं. पांढरी मुळी पहिल्यापासून तिथेच होती.

यथावकाश पाडस झालं. चारही पायांवर उड्या मारणारं! शेवंताचा आनंद पोटात मावेना. ती त्याचं नाव नोंदवायला दरबारात गेली.

कोल्हा कारकुनाने पानं चाळली. “बाई, दर खेपेला तुम्ही गरोदर नसल्याचं लिहून दिलंय. अगदी बाळंत व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा. तेव्हा हे पाडस जन्मलेलं नाही.”

“अहो, ते तुमच्या दप्तरावर नाचतंय!”

“नाचू दे. नोंद होणार नाही.”

त्याच आठवड्यात, एकही ठसा न चुकवल्याबद्दल, वैद्यराजांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ठमाक्काला नोटीस आली. गुन्हा : ठसा न घेता प्रश्न विचारला.

तात्पर्य : बाळांनो, पोटात काय आहे ते आईला कधी विचारू नये. ती खरं सांगून टाकते, आणि मग औषध बदलावं लागतं.